आपले मत

‘मत’ हा शब्द तुम्ही उर्दूत रोज वापरता. ‘मत जाओ’, ‘मत बोलो’. तेथे त्याचा अर्थ ‘नको’ असा होतो. मराठीत मात्र ‘मत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक ‘राय’ आणि दुसरा ‘वोट’. या दोन गोष्टींना मराठीत एकच नाव का असावे? चला, एका शहराच्या उदाहरणाने ते समजून घेऊ.

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ते वसले आहे. आजूबाजूला कापसाची शेते आहेत. तेलंगणाची सीमा जवळ आहे. त्यामुळे या भागात मराठी, उर्दू, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा अनेक भाषा कानांवर पडतात. या शहराचा कारभार नगरपरिषद पाहते.

नळाचे पाणी, रस्त्यावरचे दिवे, गटारांची सफाई, कचरा उचलणे, बाजाराची व्यवस्था ही नगरपरिषदेची कामे आहेत. तुमच्या जन्माची नोंदही शहरात तिच्याच कार्यालयात होते. या कामांसाठी नागरिक घरपट्टी व पाणीपट्टी भरतात. शासनही अनुदान देते.

महाराष्ट्रात नगरपरिषदांसाठी १९६५ चा कायदा आहे. शहराचे प्रभाग पाडतात. प्रत्येक प्रभागातून मतदार नगरसेवक निवडतात. नगराध्यक्षाचीही निवड आता मतदार थेट करतात. मुख्याधिकारी मात्र शासन नेमते. तो नगरपरिषदेचे निर्णय अमलात आणतो.

१९९३ साली ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिच्यामुळे नगरपरिषदेची मुदत पाच वर्षे ठरली आणि स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे घटना सांगते. तरीही राज्यातील बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात प्रशासकांनी कारभार पाहिला. तेव्हा गटार तुंबले तर लोकांना जाब विचारायला नगरसेवकच नव्हता.

लहान शहरात सगळे एकमेकांना ओळखतात. ही चांगली गोष्ट आहे. उमेदवार कोण, त्याचे वागणे कसे, हे घरोघरी ठाऊक असते. पण याच ओळखीचे ओझेही होते. ‘आपल्या बिरादरीचा आहे’, ‘आपला नातेवाईक आहे’, ‘मोहल्ल्यातल्या मोठ्यांनी शब्द दिला आहे’, असे म्हणून सगळ्या घराची मते एकदम ठरतात. अम्मीला, दादीला, मोठ्या आपाला कोणी विचारत नाही. घरात चार मतदार असतात, पण राय एकाचीच असते.

याबाबत एक जुनी हकिकत ऐका. १९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. सुकुमार सेन हे तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदारयादी करताना अनेक स्त्रियांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशाच नोंदी झाल्या. नावाशिवाय मतदार कसा ओळखायचा? शेवटी सुमारे २८ लाख स्त्रियांच्या नोंदी यादीतून गाळाव्या लागल्या. हक्क होता, पण नाव नव्हते, म्हणून मत गेले.

आज स्त्रियांची नावे यादीत असतात. त्या निवडूनही येतात. परंतु काही ठिकाणी नगरसेविकेच्या खुर्चीवर तिचा पतीच बसतो आणि तीच सही करण्यापुरती उरते. मग नाव असूनही काय उपयोग?

मोठ्यांचा मान राखणे हा आपला संस्कार आहे. त्यांचा सल्ला जरूर घ्यावा. पण कायद्याने मतदान गुप्त ठेवले आहे, ते उगीच नाही. पडद्याआड मतदार एकटा असतो. तेथे त्याने कोणते बटण दाबले, हे सांगण्याची सक्ती त्याच्यावर कोणीही करू शकत नाही. प्रभाग लहान असतो. थोड्या मतांनीही निकाल बदलतो. म्हणून उमेदवाराची जात किंवा नाते न पाहता त्याचे काम पाहावे. पाच वर्षांत नळाला पाणी किती आले? आपल्या गल्लीतला दिवा लागला का? मुलींच्या शाळेकडे जाणारा रस्ता झाला का?

१९८९ पासून अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदानाचा हक्क आहे. तुम्हांला त्यासाठी थोडीच वर्षे थांबायचे आहे. तोपर्यंत ‘राय’ बनवायला शिका. कारण राय नसेल, तर वोट हे फक्त बोटावरच्या शाईचा डाग ठरते. राय आणि वोट एकत्र आले, तरच ते खरे ‘मत’ होते.

शब्दार्थ
कारभार – कामकाज, व्यवस्था. अनुदान – शासनाने दिलेली मदतीची रक्कम. प्रभाग – वॉर्ड. मुदत – ठरलेला काळ. जाब विचारणे – उत्तर मागणे. गाळणे – काढून टाकणे. सक्ती – जबरदस्ती.

स्वाध्याय
१. नगरपरिषदेची चार कामे लिहा.
२. पहिल्या निवडणुकीत २८ लाख स्त्रियांच्या नोंदी का गाळल्या?
३. ‘घरात चार मतदार असतात, पण राय एकाचीच असते,’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
४. ‘मत’ हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरून दोन वाक्ये तयार करा.
५. तुमच्या घरातील मतदारांची नावे मतदारयादीत बरोबर आहेत का, ते घरच्यांच्या मदतीने पाहा.