परतीचं विचारलं का?

श्रावणात सकाळी कोवळं ऊन पडलं की 'चला, कुंथलगिरीला जाऊन येऊ' म्हणत भूमच्या बसस्थानकावर येणारी घरं असतात. संध्याकाळी त्यातलंच एखादं फाट्यावर भिजत उभं राहिलं की शहाणी माणसं टपलेली असतातच: 'न ठरवता निघालातच कशाला?' या वाक्याचा मला मनापासून वैताग आहे. भूमला रेल्वे नाही. दारात गाडी नसलेल्यांची सहल एसटीचीच. ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरच्यांना प्रवास फुकट झाला, 17 मार्च 2023 पासून बायकांना तिकीट अर्धं. सासू-सुनेच्या मनात आलं आणि निघाल्या, एवढं जमावं म्हणूनच ना या सवलती? ऐनवेळी निघणं हा काही गुन्हा नव्हे. चूक होते ती चौकशीच्या खिडकीशी. 'गाडी कितीला?' सगळे विचारतात, 'तिथून परत कितीला?' कुणीच विचारत नाही, आणि न विचारलेलं सांगायची खिडकीला सवय नसते. वर नंतर ऐकवायचं, 'तुम्ही विचारलं का?'

संध्याकाळी गावाकडे जाणारी शेवटची गाडी बहुधा मुक्कामी असते. ती तिथेच झोपते आणि सकाळी दुधाचे कॅन, शाळेची पोरं घेऊन निघते. गावातल्यांना हे इतकं ठाऊक असतं की ते सांगावं लागतं हेच त्यांना सुचत नाही. पाहुणा मात्र 'शेवटची गाडी सहाला' ऐकून निर्धास्त पेढे घेत बसतो. शाळेसाठी सोडलेल्या फेऱ्या रविवारी नसतात, आणि सहलीला माणूस नेमका रविवारीच निघतो. म्हणून खिडकीवर थांबू नका. चढतानाच कंडक्टरला विचारा, 'ही गाडी आजच परतते का?' आणि शेवटच्या नव्हे, तिच्या आधीच्या फेरीने परतायचं ठरवा.

'मोबाईलवर अंदाज बघायचा की!' हा दुसरा टोमणा. बघावाच. पण वेधशाळेच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जिल्ह्यातल्या पाव भागापर्यंत. आपला धाराशिव जिल्हा परंड्यापासून उमरग्यापर्यंत पसरलेला. तो पाव भाग बालाघाटाच्या कुठल्या कुशीत पडेल हे त्या ओळीत नसतं. तीन तासांपुरता जो तातडीचा इशारा येतो, तो निघताना नव्हे, परतीच्या तासभर आधी पाहायचा. विजांसाठी 'दामिनी' ॲप आहे, तेही ठेवावं. बाकी छत्री, पाणी, सुटे पैसे वगैरे सांगायला नकोच. छत्री बसच्या आतही लागते: खिडकीची काच अर्ध्यावर अडलेली असते आणि सीटच्या रेक्झिनवर पाण्याचं तळं साचतं, पण तो त्रास कपड्यांपुरता. खरा घाला परतीच्या फेरीवर पडतो. भूमला ऊन असतं, मधल्या ओढ्याला मात्र वरच्या डोंगरातलं पाणी आलेलं असतं, आणि ड्रायव्हर पुलाअलीकडे गाडी थांबवतो. तेव्हा त्याच्यावर ओरडू नये. सप्टेंबर 2025 मध्ये परंडा तालुक्यात पुरात अडकलेली माणसं काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं होतं. इथलं पाणी कसं चढतं ते त्याने पाहिलंय.

'एसटी नाही तर काळीपिवळी मिळते,' असंही कुणी म्हणेल. मिळते, उन्हात. सीटा भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि पाऊस लागला की फाट्यावर माणसंच उरत नाहीत. मग ती कशाला थांबेल? जी सोय गर्दीवर चालते ती गर्दी पांगल्यावर धरून चालण्यात अर्थ नाही. तिच्या भरवशावर येडशीच्या रामलिंगला धबधबा बघायला जाणाऱ्यांनी तर हे जास्तच ध्यानात घ्यावं, कारण तिथे पाऊस बघायलाच गेलेले असतो आपण. आणि कुणाला फाट्यावर भिजताना पाहिलं तर 'कशाला निघालात' विचारण्याआधी भूमकडे जाणारी पुढची गाडी कितीला, तेवढं सांगा.