पोर चित्रं काढतं, पाठवायचं कुठं?

आई-बाबांनो, बारावीनंतर चित्रकलाच शिकायची म्हणून पोर अडून बसलं असेल, तर त्याच्या वह्या उघडून बघा. बैल, बाजारातली माणसं, आजीचे हात, माणिकगडाचा डोंगर असं दिसेल ते रोज काढतंय का? काढत असेल तर त्याला अडवू नका. मात्र कुठं पाठवायचं, यावर घरात नीट बोला.

मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय 1857 पासूनचं, 2023 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याचं नाव उगाच मोठं नाही. तरीही आपल्या जिवतीच्या पोरासाठी मी आधी नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय सुचवते. चंद्रपूर गाठलं की पुढे साधारण दीडशे किलोमीटर. पोळ्याला, दिवाळीला पोर घरी येऊ शकतं, आजारी पडलं तर तुम्ही त्याच दिवशी पोचता. पदवी चार वर्षांची. पहिल्या वर्षी एकटेपणानं पोर परत आलं, तर मोठ्या नावाचा काय उपयोग?

'हातात कला आहे, मग कॉलेज कशाला?' असंही कुणी म्हणेल. जनगढसिंह श्याम हे मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड चित्रकार. त्यांनी कला महाविद्यालयात शिक्षण घेतलं नव्हतं. पण भोपाळच्या भारत भवनात त्यांना कागद, रंग, छापयंत्र आणि दिवसभर काम करणारे सोबती मिळाले, आणि त्यांचं काम जगभर गेलं. तुम्हीही कॉलेजात तेच शोधा. प्रवेशाआधी पोराला घेऊन एकदा जाऊन या. वर्ग किती वाजेपर्यंत उघडे असतात, शेवटच्या वर्षाची मुलं काय करताहेत, ते बघा. सगळ्यांची चित्रं एकसारखी दिसली, तर ती जागा मला तरी पटणार नाही. रंग, कॅनव्हास, कागद यांना दर महिन्याला किती पैसे लागतात, हे त्या मुलांनाच विचारा. सरकारी कॉलेजात फी कमी असते, सामानाचा खर्च मात्र चालूच राहतो. आणि चित्रकला म्हणजे फक्त कॅनव्हास नव्हे. आईचं बंजारा भरतकाम बघत वाढलेल्या मुलीला वस्त्रकला जवळची वाटेल. कोलाम घरात बांबू विणणाऱ्या मुलाला कदाचित शिल्प.

प्रवेशासाठी राज्याची सीईटी असते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा शाळेतच दिलेल्या असल्या तर हात तयार असतो.

आता ज्या गोष्टीत आपली पोरं खरी अडकतात ती सांगते. वसतिगृहात जागा नाही मिळाली तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी आदिवासी मुलांना स्वयम, अनुसूचित जातीला स्वाधार, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पण या सगळ्याला जातीचे कागद लागतात. पुरावा अनुसूचित जाती-जमातींना 1950 च्या, विमुक्त-भटक्यांना 1961 च्या, ओबीसींना 1967 च्या आधीचा. आपल्याकडे मराठवाड्यातून येऊन वसलेली घरं खूप. त्यांच्या आजोबांचा शाळेचा दाखला नांदेड-लातूरकडच्या एखाद्या गावात पडलेला असतो. पोर अकरावीत असतानाच तो आणायला निघा.