पडद्यावरची राजी

सायंकाळची वेळ. नवी मुंबईत, वाशीच्या एका सदनिकेत अकरा वर्षांची एक मुलगी डोळे पुसत बसली आहे.

"का गं, काय झालं?" आजी विचारते.

"राजी दरीत पडली. माझंच बोट चुकलं!"

ही राजी एका व्हिडिओ गेमची नायिका. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने तयार केलेला हा गेम 2020 साली प्रसिद्ध झाला. राजीच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ही सर्कशीतील चपळ मुलगी त्याच्या शोधार्थ निघते.

गोष्टीतील नायिकेसाठीही श्रोते हळहळतात. परंतु तिचे पुढे काय व्हावे, हे लेखकाने आधीच ठरविलेले असते. राजी मात्र खेळणाऱ्याच्या बोटांवर धावते. म्हणूनच तिचे पडणे त्या मुलीला स्वतःचा अपराध वाटतो. ज्याचा सांभाळ करावा, त्याचा लळा लागतो. भातुकलीतील चिंधीच्या बाहुलीला तरी नाकडोळे कुठे धड असतात! 1996 साली जपानमध्ये ‘तामागोची’ नावाचे अंड्याच्या आकाराचे खेळणे निघाले. त्याच्या इवल्या पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा एक जीव असे. त्याला वेळेवर भरविले नाही, तर तो मरे. आणि मुले खरोखर रडत.

आजी हसत नाही. ती विचारते, "मग आता तुझी राजी गेली?"

"नाही गं, ती पुन्हा उभी राहते."

"मग रडतेस कशाला?"

मुलगी क्षणभर गप्प राहते.

"पण आजी, पडताना तिला ते ठाऊक नसतं ना!"