सुतारपक्षी आणि घराचा वासा

पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण आहे. १८७९ साली ते बांधून पूर्ण झाले. त्या परिसरातील वृक्षराजीत सुतारपक्षी आढळतात. त्यांतील पिवळ्या माथ्याच्या सुताराच्या शास्त्रीय नावातच मराठ्यांच्या मुलखाचा उल्लेख आहे.

ताठ शेपटीचा टेकू घेऊन हा पक्षी वाळलेले लाकूड टोकरतो आणि लांब जिभेने आतील अळ्या बाहेर ओढतो. पिलांसाठी ढोलीही तो अशीच कोरतो.

क्वचित तो घराचा वासा किंवा खिडकीची चौकट टोकरू लागतो. अशा वेळी त्याच्यावर दगड उगारू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची शिकार करणे हा गुन्हा आहे. प्रथम लाकूड ठोकून पाहावे. आवाज पोकळ आला, तर आत कीड असण्याचा संभव असतो. किडका भाग बदलावा, लाकडास तेल किंवा रंग द्यावा. भोके बुजवण्यापूर्वी आत अंडी वा पिले नाहीत, याची खात्री करावी. तरीही पक्षी येत राहिला, तर तेथे जाळी लावावी. परसातील वठलेले झाड पडण्याची भीती नसल्यास राहू द्यावे. तेथे त्याला अन्न आणि निवारा दोन्ही मिळतात, आणि घराचे लाकूडही सुरक्षित राहते.

प्रश्न
१. सुतारपक्षी लाकूड का टोकरतो?
२. भोके बुजवण्यापूर्वी काय पाहावे? का?