अरवनाचे खळे आणि आपला मोबाइल

शास्त्रपाठ : २ शमुवेल २४:१८-२५, याकोब ५:४

हैदराबादेत सुलतान बाजार व कोठीच्या पदपथांवर एकेकाळी नव्या सिनेमांच्या चोरट्या सीड्या उघड्यावर विकल्या जात. आता सीडी कोणी विचारत नाही. तोच सिनेमा घरबसल्या मोबाइलवर फुकट उतरतो. विकणारा दिसत नाही, म्हणून घेणाऱ्यालाही आपण काही घेतले असे वाटत नाही.

२०१३ साली 'अत्तारिंटिकी दारेदी' या तेलुगू चित्रपटाचा मोठा भाग प्रदर्शनापूर्वीच फुटला व तो घाईने २७ सप्टेंबरला प्रदर्शित करावा लागला. २०२३ च्या कायदादुरुस्तीने अशा चोरीस तीन महिने ते तीन वर्षे कैद ठेवली आहे. कोणी म्हणेल, नटांना काय कमी आहे? पण हैदराबादच्या कृष्णानगरात राहणारे दिवे लावणारे, कपडे शिवणारे, गर्दीत उभे राहणारे लोकही याच धंद्यावर जगतात. त्यांची मजुरी बहुधा आधी चुकती झालेली असते, हे खरे. परंतु ज्याचे पैसे बुडाले तो निर्माता पुढचे काम काढीत नाही. याकोब ज्या मजुरांचा कैवार घेतो, त्यांच्यात आम्ही यांनाही धरतो.

आता घरचेच सांगतो. उत्तम शुक्रवारी आमच्या मंडळीत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट दाखविला. तरुणांनी तो चोरट्या ठिकाणाहून उतरविला होता. पडद्यावर प्रभूला खिळे ठोकले जात असता कोपऱ्यात जुगाराची जाहिरात झळकत होती! आम्ही सर्व पाहत बसलो. कोणी उठले नाही. आम्हीही नाही.

दाविदाची गोष्ट येथे लागू पडते. अरवना यबूसी खळे, बैल, लाकडे सर्व आपखुषीने देत होता. तरीही दाविदाने पन्नास शेकेल रुपे मोजले. फुकटचे होमार्पण त्याला नको होते. आपल्याला तर मालकाने काही देऊ केलेलेच नाही.

शिक्षकांनो, १९७९ चा 'येशू' हा चित्रपट मराठीतही आहे, आणि तो विनामूल्य पाहण्याची मुभा तो काढणाऱ्यांनीच दिली आहे. मंडळीत दाखवावयाचा तर तो घ्यावा. इतर चित्रपटांसाठी मालकाला पत्र लिहून परवानगी मागावी. वर्गात मुले विचारतील, "तिकीट परवडत नाही, मग काय करावे?" त्यांना रागावू नये. काही महिन्यांनी तोच सिनेमा टीव्हीवर येतो. तोवर थांबावे, एवढेच सांगावे. मात्र हा पाठ घेण्यापूर्वी शिक्षकाने आपल्या मोबाइलमध्ये काय साठविले आहे ते एकदा पाहून घ्यावे.