पानात तेल का साठत नाही?

भुईमुगाचा दाणा कागदावर चिरडला, तर तेलाचा डाग उमटतो. त्याच झाडाचे पान चिरडले, तर हिरवा ओलावा तेवढा लागतो. शिक्षकांना वर्गात सहज दाखविता येईल असा हा प्रयोग आहे. दाण्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असतो. वाळलेल्या पानात साठ्याचे तेल सामान्यतः शेकडा एक भागही नसते. वास्तविक दाणा आणि पान या दोहोंच्या पेशींत जनुकांचा संच एकच असतो. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक भाग आयातीने भागविणाऱ्या आपल्या देशाला हा भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

पान मेद तयारच करीत नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो बरोबर नाही. मेदाम्ले पानातील हरितलवकांतच तयार होतात. मात्र ती पेशींची पटले बांधण्याच्या कामी खर्ची पडतात. पानातील साखर बव्हंशी खोड, मुळे व दाणे यांकडे रवाना होते. काही भाग स्टार्चच्या रूपाने रात्रीपुरता शिल्लक राहतो. थोडक्यात, पान हा कारखाना आहे, कोठार नव्हे.

हे कोणाच्या हुकमाने घडते, याचा पहिला धागा मोहरीच्या कुळातील ॲरॅबिडॉप्सिस या क्षुल्लक तणात मिळाला. या तणाच्या एका सदोष वाणाच्या बिया सुरकुतलेल्या असत. ख्रिस्तोफ बेनिंग व त्यांच्या सहकारी यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की, या बियांत तेल शेकडा ८० भागांनी कमी होते. साखर बियांत येत होती, परंतु तिचे तेल होत नव्हते. २००४ मध्ये संबंधित जनुक हाती लागले. त्याला ‘रिंकल्ड-१’, म्हणजे सुरकुतलेले, असेच नाव आहे. हे जनुक स्वतः तेल करीत नाही. साखरेपासून मेदाम्ले बनविणारी अनेक जनुके ते एकदम जागी करते. जणू कामगारांना हजर करणारा मुकादमच. पानात हा मुकादम बहुतांशी निद्रिस्त असतो.

मुकादम जागा झाला तरी काम संपत नाही. मेदाम्लांचे तेलात रूपांतर करण्यास ‘डीगॅट-१’ हे विकर लागते. तेलाच्या थेंबांवर ओलिओसिन या प्रथिनाचे वेष्टन असावे लागते. शिवाय ‘एसडीपी-१’ हे विकर साठलेले तेल फोडून टाकते, ते निराळेच.

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या शासकीय संशोधन संस्थेने तंबाखूच्या पानात ॲरॅबिडॉप्सिसची पहिली दोन जनुके आणि चक्क तिळातील ओलिओसिनचे जनुक एकत्र आणले. २०१४ मध्ये वाळलेल्या पानाच्या वजनात शेकडा १५ भाग तेल मिळाले. पुढे ‘एसडीपी-१’ला आवर घातला असता, २०१७ मध्ये हे प्रमाण शेकडा ३० च्या वर गेले.

परंतु तेल आले तसा पानातील स्टार्च घटला. अमेरिकेत उसावर असेच प्रयोग झाले. तेथेही अधिक तेलाच्या काही वाणांची वाढ खुंटली. पानातील साखर तेलात अडकली, तर झाडाने वाढावे कशावर? साखर तोडणीपर्यंत वाढीला मिळू द्यावी आणि तेलाची जनुके पान पिकू लागल्यावरच जागी करावीत, हा मार्ग प्रस्तुत लेखकास अधिक आशादायक वाटतो. तंबाखूवरील २०१७ च्या प्रयोगांत तोही अवलंबिण्यात आला होता. हे संशोधन प्रामुख्याने इंधन व औद्योगिक तेलासाठी चालले आहे. भारतात अशा कोणत्याही पिकाच्या लागवडीस मंजुरी नाही. तेव्हा ‘पानातील तेलाचे बियाणे’ म्हणून गावात कोणी काही विकू लागल्यास पंचायत सदस्यांनी ती गोष्ट कृषी अधिकाऱ्यांच्या कानावर घालावी.