लॅपटॉपची स्मृती वाढविताना

जुना लॅपटॉप मंदावला म्हणजे तो निकामी झाला, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः यंत्राचा गणन करणारा भाग वयोमानाने सहसा मंद होत नाही. त्याच्यावर पडणारे काम मात्र दर वर्षी वाढत जाते. दहा वर्षांपूर्वी ज्या कामाला ४ गिगाबाइट स्मृती पुरत असे, त्याच कामाला आज ती तोकडी पडते. नवे यंत्र घेणे ज्या शाळेला वा वाचनालयाला परवडत नाही, तिने हा फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. एक कामापुरती, जिला रॅम म्हणतात. दुसरी कायमची, म्हणजे चकती. विद्यार्थ्याने पुढे मांडलेली पुस्तके आणि कपाटात ठेवलेली पुस्तके यांच्यात जसा भेद असतो, तसाच हा आहे. मेज लहान पडले म्हणजे पुस्तके पुनःपुन्हा कपाटात ठेवावी व काढावी लागतात. रॅममधील माहिती सुमारे १०० नॅनोसेकंदांत हाती येते, तर फिरणाऱ्या चकतीला साधारण १० मिलिसेकंद लागतात. म्हणजे एक लाख पट अधिक वेळ. पहिले काम एका सेकंदात झाले असे मानले, तर त्याच प्रमाणात दुसऱ्याला सत्तावीस तासांहून अधिक लागतील. रॅम भरून गेल्यावर यंत्र चकतीकडे धाव घेऊ लागते व वापरणाऱ्याला ते गोठल्यासारखे वाटते.

या स्मृतीचा इतिहास आपल्या देशातही पाहण्याजोगा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तीत ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिट मावत. आजच्या ८ गिगाबाइटांच्या बोटभर पट्टीत त्याच्या आठ लाखांहून अधिक पट बिट असतात! मात्र फेराइटचे कडे वीज गेली तरी आपला बिट विसरत नसे. आजची रॅम विसरते, आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच आहे.

आय.बी.एम. कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६६ मध्ये अशी कल्पना मांडली की, एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म धारित्र पुरे. धारित्रात विद्युत्‌भार असला तर १, नसला तर ०. पण हा भार गळत राहतो. छिद्र पडलेल्या घागरीप्रमाणे तो वारंवार भरावा लागतो. सर्वसाधारण रॅममध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा भरली जाते. चिपचे तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तर गळती वाढते व हा अवधी ३२ मिलिसेकंदांवर आणावा लागतो.

येथे जबलपूरसारख्या शहराचा प्रश्न उद्भवतो. तेथे मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. बाहेरची हवाच तापलेली असल्यामुळे पंख्याला उष्णता बाहेर टाकणे कठीण होते. म्हणून स्मृती वाढविण्यापूर्वी पंखा व त्याच्या जाळीतील धूळ काढणे हे पहिले काम. हे काम फुकटात होते, आणि बहुधा तेच कोणी करीत नाही.

उन्हाळ्यातील कोरड्या हवेचा दुसरा धोका स्थिर विद्युतेचा. शरीरावर साचलेला भार सुमारे ३,००० व्होल्टांच्या पुढे गेल्यावरच माणसाला चटका जाणवतो. चिपला त्याहून पुष्कळ कमी भार मारक ठरू शकतो. म्हणून पट्टी हाती घेण्यापूर्वी भूसंपर्क असलेल्या धातूला स्पर्श करावा व पट्टी कडेनेच धरावी. पावसाळ्यात भीती वेगळी. दमट हवा व धूळ यांनी संपर्कबिंदू मळतात. ते खोडरबराने घासण्याची पद्धत सर्रास आढळते. पण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो व रबराचे कण खाचेत राहतात. मऊ कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे.

पट्टी कोणती घ्यावी? डीडीआर३ ला २०४ संपर्क व सामान्यतः १.५ किंवा १.३५ व्होल्ट, डीडीआर४ ला २६० संपर्क व १.२ व्होल्ट, डीडीआर५ ला २६२ संपर्क व १.१ व्होल्ट. प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे एक पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही. बळ लावून ती बसविण्याचा मोह आवरावा. अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम पाटीवर झाळलेली असते व तेथे वाढीला वावच नसतो. ३२ बिटांची कार्यप्रणाली असेल, तर तिला सामान्यतः सुमारे ४ गिगाबाइटांपलीकडील स्मृती दिसतच नाही, कारण २ चा ३२ वा घात तेवढाच. अशा यंत्रात ८ गिगाबाइट घालणे म्हणजे भरल्या कोठारासाठी किल्लीच न ठेवणे.

प्रत्यक्ष कृती थोडी आहे. यंत्र पूर्ण बंद करून वीजजोडणी काढावी, बॅटरीची जोडणी सोडवावी, पट्टी तिरपी सरकवून मग खाली दाबावी. दोन्ही बाजूंच्या अडकणी 'टक्' आवाज करून बसल्या पाहिजेत. नंतर स्मृतीची चाचणी घेणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. सदोष पट्टी क्वचितच उघड बिघडते. ती कधीतरी एखादा बिट उलटविते व त्याचा ठपका भलत्याच भागावर येतो.

एक शंका उरते. काम चालू असताना रॅम अर्धीही भरत नसेल, तर स्मृती वाढवून लाभ नाही. तेथे फिरणारी चकती काढून घन-अवस्था चकती बसविली, तर तेवढ्याच खर्चात फरक अधिक जाणवेल.